आठवड्याच्या बाजाराला घरच्या सगळ्यांना घेऊन कोण कोण जातं? (गोवा)

पर्वरीकरीण_नवी
नमस्कार मंडळी. पुण्याहून पर्वरीला येऊन आम्हाला वर्ष होत आलं पण अजून माझी भाजी येते ती कोपऱ्यावरच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून नाहीतर अ‍ॅपवरून. आता मेची सुट्टी, सासूसासरे आलेत, मुलगी सहा वर्षांची आणि दिवसभर टॅब. सासरे रोज सकाळी चहा झाला की विचारतात, इथे मंडई कुठे आहे? त्यांचं अर्धं आयुष्य मंडईत भाजी निवडण्यात गेलंय, गाड्यावरची ढोबळी मिरची हातात घेऊन ते ज्या चेहऱ्याने बघतात ना, तो मला आता बघवत नाही. शेजारीण म्हणाली शुक्रवारी म्हापशाला जा. नवरा म्हणतो पार्किंग मिळत नाही, उन्हात पोरगी रडेल आणि तिथे जे मिळतं तेच इथे मिळतं.

तर प्रश्न असा, की सगळ्यांना घेऊन बाजारात जाण्यात खरंच मजा असते का ती फक्त लोकांच्या फोटोत असते? कुठला बाजार, किती वाजता, आत्ता मेमध्ये काय घ्यायचं? कोकणी कळते थोडी, बोलता येत नाही.

बार्देशकर
म्हापसा, शुक्रवार, सकाळी साडेसात. दहा वाजता गेलात तर नवऱ्याचं म्हणणं खरं ठरणार. आणि गाडी नेऊच नका, पर्वरीहून म्हापशाच्या बस सारख्या असतात, स्टँडवर उतरलात की बाजार तिथंच. येताना हात भरले की रिक्षा करा.

सुंगटाप्रेमी
मे महिन्यात बाजारात काय घ्यायचं असं विचारणारं माणूस पहिल्यांदा भेटलं 😀 अहो पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी! खारं, म्हणजे खारवलेली मासळी! सुकी सुंगटां, तुमची कोळंबी! १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, ६१ दिवस काय खाणार तुम्ही?

पर्वरीकरीण_नवी
@सुंगटाप्रेमी आम्ही शाकाहारी आहोत 🙈 म्हणजे मी आणि सासूबाई. नवरा घराबाहेर काय करतो ते त्याचं त्याला माहीत.

सुंगटाप्रेमी
नवऱ्याला आजच म्हापशाची बस दाखवा.

गणितमास्तर
थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका. 'शेतकऱ्यांचा बाजार' वगैरे सगळं ऐकायला छान, पण गोव्यात विकली जाणारी बहुतेक भाजी बेळगावकडून येते, रात्री घाट उतरून ट्रक येतात आणि पहाटे क्रेट वाटले जातात. फुटपाथवर बसलेली काकी ती भाजी पिकवते असं समजून आपण पाच रुपये जास्त देतो आणि घरी येऊन गावाकडची ताजी भाजी म्हणून कौतुक करत खातो. तीच भाजी महामंडळाच्या गाड्यावर सबसिडीने स्वस्त मिळते, वजन नीट, बिल मिळतं. मी दर महिन्याचा हिशोब ठेवतो म्हणून सांगतो, बाजारात गेलं की भाजीचे पैसे कमी आणि बाकीचेच जास्त जातात. उसाचा रस, भजी, एक प्लास्टिकचं खेळणं, आणि बायकोला लागणारी एक सुरी जी घरात आधीच चार आहेत.

चष्मिष
मास्तर, पाचवी सुरी कुठे लपवली ते तरी सांगा वहिनींना.

डोंगरमाथा
मास्तरांचं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यासाठीच बाजारात डोळे उघडे ठेवून जायचं असतं. मी सत्तरी तालुक्यातला, लहानपणापासून सोमवारी साखळी, मंगळवारी वाळपई, आता नोकरीमुळे बुधवारी डिचोली. कोबी, फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची, बीट हे सगळं एकीजवळ, क्रेटमध्ये, एकसारख्या आकाराचं, तर ते घाटावरचं. त्यात वाईट काही नाही पण त्याला गावठी म्हणून जास्त पैसे देऊ नका. गावठीवाली बहुतेक कडेला बसते, मांडवाच्या बाहेर, पुढ्यात गोणपाट आणि त्यावर तीन नाहीतर चार वस्तू. दोन फणस, अळूच्या जुड्या, मूठभर मिरच्या, पाच-सहा नारळ. काहीच एका मापाचं नसतं. काकडी एक वाकडी एक सरळ. तिला विचारलं की अजून आहे का, तर म्हणते "आज ना बाय, फुडल्या शुक्रारा हाडटां" (आज नाही, पुढच्या शुक्रवारी आणते). हे वाक्य ऐकलं की समजायचं हिच्या घरामागे मळा आहे. क्रेटवाली असं कधीच म्हणत नाही, ती मागून दुसरा क्रेट ओढते.

आणि भाजी वाट्याने विकते, काट्याने नाही. एक वाटा तीस, दोन घेतले तर पन्नास, त्यावर दोन मिरच्या फुकट.

सालसेतकरीण
+१ वाट्याला. आमच्या मडगावला मात्र आता वाटेसुद्धा हुशार झालेत, वर मोठी वांगी खाली लिंबाएवढी.

तिसवाडीकर
वांग्यांचा विषय निघाला म्हणून. आगशीची वांगी खाल्ली नसतील तर पर्वरीकरीणताई तुमचं वर्ष फुकट गेलं. ही मोठी, गरगरीत, बिया कमी. जाड काप करायचे, मीठ-हळद-तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर. थंडीपासून येतात, आत्ता मेमध्ये शेवटची शेवटची मिळतील. कुठल्याही जांभळ्या वांग्याला आगशीचं म्हणून विकतात हेही खरं, त्यामुळे "खंयचीं?" (कुठली?) असं विचारायचं आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघायचं.

फोंड्याचा_भाचा
तेच खोलच्या मिरचीचं. काणकोणातल्या खोला गावाच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी मिरची, २०२० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला आणि त्या दिवसापासून गोव्यातल्या प्रत्येक बाजारातली प्रत्येक लाल मिरची खोलची झाली. जेवढी विकली जाते तेवढी पिकवायला खोल्याला अजून दोन डोंगर लागतील.

कुळागरवाली
बराच वेळ वाचतेय, आता लिहिते. माझी सासू बाणस्तारीला बसते, गुरुवारी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते थोडं अवघडल्यासारखं वाटायचं, मी बँकेत नोकरीला आणि सासू बाजारात गोणपाटावर. आता सुट्टी असली की मी आणि मुलगा दोघं जातो तिच्याबरोबर.

बाहेरून जे दिसत नाही ते सांगते. बुधवारी दुपारी ऊन उतरलं की तांबडी भाजी उपटायची, मुळं धुवायची, केळीच्या सोपाने जुड्या बांधायच्या, ओल्या गोणत्यात उभ्या ठेवायच्या. नारळ सोलायचे. सुपारी असेल तर वेगळी. केळी आदल्या दिवशी घड उतरवून ठेवलेली असतात. पहाटे गावातल्या चार बायका मिळून एक पिकअप करतात, भाडं वाटून. जागा ठरलेली, तिथे दुसरी कोणी बसली तर भांडण आणि ती आजारी म्हणून आली नाही तर तिची जागा धरून ठेवणारीही तीच भांडणारी. सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, गोळा करणारा माणूस येतो, पावती फाडतो. बारा वाजता राहिलेली भाजी निम्म्या भावात, दीड वाजता घरी.

एवढ्यासाठी महामंडळाला भाजी का देत नाही असं मी विचारलं होतं. ते घेतात स्थानिक शेतकऱ्यांकडून, आमच्या शेजारचे देतातही. पण सासू म्हणाली तिथे कोण बोलतं माझ्याशी? मास्तर, तुमच्या हिशोबात ही रक्कम कुठल्या रकान्यात येते?

गणितमास्तर
@कुळागरवाली 'इतर' मध्ये. पण पोस्ट आवडली, मनापासून.

पर्वरीकरीण_नवी
कुळागरवाली, किती छान लिहिलंत. एक विचारू? घासाघीस करावी का? मला आजीबाईंशी दहा रुपयांसाठी वाद घालायला लाज वाटते आणि सासऱ्यांना न घालता विकत घेतलं तर झोप येत नाही.

चष्मिष
मी कधीच करत नाही. मॉलमध्ये पॉपकॉर्नला चारशे देतो आणि इथे दहा रुपये कमी करा म्हणायचं? लाज वाटली पाहिजे.

बार्देशकर
@चष्मिष हे दरवेळचं पॉपकॉर्नचं उदाहरण आता पुरे हो. घासाघीस म्हणजे लुबाडणं नाही. माझी आई गेली तीस-चाळीस वर्षं त्याच बाईकडून नारळ घेते, दर शुक्रवारी दोघी भांडतात, दर शुक्रवारी आई म्हणते पुढच्या वेळी दुसरीकडे जाते, आणि त्या बाईच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. तुम्ही पहिल्या भावाला नोट काढून दिलीत तर तिला वाटतं ह्या माणसाला बोलायचंच नाहीये.

कुळागरवाली
सासूला विचारून सांगते असं म्हणणार होते पण उत्तर मला माहीत आहे. भाव करा, ती पाच रुपये वर धरूनच सांगते. तिला राग कशाचा येतो सांगू? वांग्यात नख रुतवून बघणाऱ्यांचा. भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्यांचा, मोडलेली भेंडी परत वाट्यात टाकतात आणि पुढे जातात, ती मग कोण घेणार? आणि विचारल्याशिवाय फोटो काढणाऱ्यांचा. एकदा एकाने तिला टोपली डोक्यावर घ्यायला सांगितलं. तिने सांगितलं आधी भोपळा घे, मग घेते. त्याने घेतला! साडेचार किलोचा.

सुंगटाप्रेमी
सासूबाईंना आमच्यातर्फे सलाम 🙏😂

डोंगरमाथा
मुलीसाठी म्हणून: मेमध्ये जाताय तर भाजीकडे कमी बघा, रानमेव्याकडे बघा. करवंदं पानाच्या द्रोणात मिळतात, जांभळं, चुन्नां, जगमां. चुन्नां माहीत नसतील, छोटी पांढरट गोल फळं, आमच्याकडे शाळेच्या सुट्टीत डोंगरावर हेच खाऊन पोट भरायचं. मुलांच्या हातात वीस रुपये द्या आणि त्यांचं त्यांना घेऊ द्या. माझी पोरगी तिसरीत आहे, वजाबाकी शाळेत शिकली त्याच्या आधी साखळीच्या बाजारात शिकली, कारण चुन्नांवाल्या आजीने सुटे परत दिले नाहीत तर ती तिथून हलायची नाही. यूपीआय आल्यापासून मात्र ही शिकवणी बंद पडत चाललीय, आजीच्या पुढ्यातही आता स्कॅनरचा पुठ्ठा असतो. म्हणून सुटे पैसे घेऊनच जा.

सालसेतकरीण
बिबे मिळाले तर सोडू नका. ओले काजूगर. आत्ता हंगाम संपत आला, शेकड्यावर विकतात, मोजून. महाग आहेत पण सोलणाऱ्या बाईचे हात बघितलेत तर भाव करणार नाही, त्या चिकाने कातडी जाते. शाकाहारी घरात बिब्यांची उसळ, वर ओलं खोबरं, अजून काय पाहिजे.

पुरुमेंत_स्पेशल
मडगावचं कोणीतरी बोललं म्हणून बरं, नाहीतर हा सगळा धागा मांडवीच्या अलीकडेच अडकला होता. आमच्याकडे होली स्पिरिट चर्चचं फेस्त असतं, ईस्टरनंतर पन्नासावा दिवस, त्याला सगळे पुरुमेंताचं फेस्तच म्हणतात. पावसाळ्याची बेगमी. चिंच, सोलां (आमसुलं), सुक्या मिरच्या, गावठी कांद्यांच्या माळा, व्हिनेगर, खारं, अळसांदे, रस्त्याच्या कडेने सगळं मांडलेलं. आम्ही हिंदू, पण आजोबांच्या वेळेपासून त्या फेस्ताला जाऊन कांदे आणल्याशिवाय आमचा पाऊस सुरू होत नाही. आता सुपरमार्केटात बाराही महिने सगळं मिळतं, कांद्याच्या माळेची काही गरज नाही, पण स्वयंपाकघरात वासा दिसला की बाबांना तिथे माळ लागते. नवीन घराला वासाच नाही म्हणून त्यांनी ड्रिल मागवून हूक ठोकून घेतला.

फोंड्याचा_भाचा
आमच्याकडे बाबा आणि मामा दोघं मिळून पुरुमेंताला गेले होते आणि खारं बांगडे गाडीच्या डिकीत विसरले. कोणाच्या गाडीच्या ते सांगत नाही. गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक दार उघडून परत बंद करून गेलं एवढंच सांगतो.

तिसवाडीकर
मेचं सगळं ठीक पण खरा बाजार बघायचा तर चवथीच्या आधीचे दोन-तीन दिवस. पर्वरीकरीणताई, पुण्यात गणपतीला फुलांची सजावट करतात ना, आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकट आणि तिला टांगलेली फळं, रानातली आणि परसातली. सुपारीचे घोस, नारळाची पेंड, केळीचा घड, चिबूड, तोरिंगं, अंबाडे, कुंवाळा, आणि माट्टां, कांगलां, घागऱ्या असल्या गोष्टी ज्या एरवी वर्षभर कोणी ढुंकून बघत नाही. सत्तरी, सांगे इकडून लोक रानातून काढून आणतात आणि म्हापसा, बाणस्तारी, फोंडा, डिचोली सगळीकडे रस्ते त्यांनी भरतात. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धासुद्धा घेतं, काही लोक शेकडो प्रकार बांधतात. मुलांना वनस्पतिशास्त्राचा एवढा धडा कुठल्या शाळेत मिळणार नाही. फक्त त्या दिवशी आजी-आजोबांना नेऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

डोंगरमाथा
माटोळीबद्दल एक खुपतं ते लिहितो. पूर्वी ज्याच्या त्याच्या परसात, डोंगरावर जे मिळेल तेच बांधायचे. आता स्पर्धेपायी झाडाच्या फांद्याच्या फांद्या तोडून आणतात. तसंच अळम्यांचं, म्हणजे रानातल्या अळंब्यांचं. पावसात रोयणीवर उगवतात ती, वाळवीच्या वारुळावर. त्या बुरशीचं आणि वाळवीचं एकमेकांवाचून चालत नाही, म्हणून ती बटण मशरूमसारखी शेडमध्ये लावता येत नाहीत, रानातूनच यावी लागतात. मागणी वाढली तशी लोक कळ्या असतानाच उपटतात, वारूळही उकरतात. मग दुसऱ्या वर्षी तिथे काय येणार? आमच्या घरी अळमी जीव की प्राण, तरी मी दोन वर्षं रस्त्यावरून घेत नाही.

चष्मिष
@डोंगरमाथा पण मग ज्यांचं पावसाळ्यातलं उत्पन्न त्यावर आहे त्यांचं काय? तुम्ही नाही घेतलीत तर मुंबईची गाडी थांबून दुप्पट भावाने घेणार.

डोंगरमाथा
माहीत आहे. म्हणूनच कोणाला घेऊ नका असं म्हटलं नाही, मी घेत नाही एवढंच म्हटलं.

एक_अनामिक
खरा प्रश्न हा आहे की बाजारात आपली माणसं किती राहिलीत. सगळ्या जागा बाहेरच्यांनी

मदतनीस
वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. हा वाद इथे दोनदा होऊन गेलाय आणि दोन्ही वेळा धागा बंद करावा लागला. बाजार, भाजी, कुटुंब ह्यावर बोला.

बार्देशकर
मदतनीस साहेब, भजी चालतील ना?

मदतनीस
भजी चालतील.

बार्देशकर
तर मग ऐका. बाजार करायला उपाशीपोटी जायचं. सात-साडेसातला पोचायचं, आधी खरेदी, अजिबात बसायचं नाही, बसलात की आजोबा उठत नाहीत. नऊ वाजता पिशव्या भरल्या की बाजारातल्या एखाद्या जुन्या हॉटेलात शिरायचं. पातळभाजी, सुकीभाजी, दोन पाव, एक मिरची भजी, एक बन. चहा सगळ्यात शेवटी. नाव सांगत नाही, सांगितलं की दोन गट पडतात. जिथे टेबलं कमी आणि पिशव्या जास्त दिसतील तिथे जा.

पुणेरी_पाहुणा
गोव्यात येऊन भाजीपाव? आम्ही मित्र आलो की बीचवरच

चष्मिष
दादा, तुम्ही झोपा.

एकलव्याची_आई
इथे मजाच मजा लिहिलीय म्हणून दुसरी बाजू. माझा मुलगा गर्दी आणि आवाज सहन करू शकत नाही, ऑटिझम आहे. शुक्रवारचा म्हापसा आमच्यासाठी शक्यच नाही. पण मी शोधून काढलंय ते सांगते, कोणाला उपयोग होईल. पावसाळ्यात हायवेच्या कडेला, पेडण्याकडे जाताना वगैरे, शेतकरी आपल्याच मळ्यासमोर छोटा मांडव घालून बसतात. काकड्या, भेंडी, दोडकी, चिबूड. तिथे एकच माणूस असतो आणि गाडी थेट समोर थांबते. माझा मुलगा गेल्या पावसात तिथे उतरून स्वतः काकडी निवडायला लागला. तो काकडीवाला त्याला रोज वेगळी टोपली देतो, घाई करत नाही. आम्ही गरज नसली तरी थांबतो, घरात काकड्यांचं काय करायचं हा प्रश्नच असतो.

कुळागरवाली
तवसाळी करा, काकडीची. जितक्या असतील तितक्या संपतील. पाकृ हवी असेल तर सांगा, वेगळी टाकते.

गणितमास्तर
@एकलव्याची_आई ही पोस्ट वाचून बायकोला दाखवली. पावसात आम्हीही थांबू.

पर्वरीकरीण_नवी
मंडळी, जाऊन आलो! काल शुक्रवार होता. बार्देशकरदादांचं ऐकून बसने गेलो, नवऱ्याने वर्क फ्रॉम होम टाकून अकरापर्यंत गायब राहण्याची सोय केली.

सासरे आत शिरले आणि दहा मिनिटांत हरवले. फोन उचलेनात. शेवटी सापडले ते केळ्यांच्या रांगेत, एका काकीशी मराठीत भांडत होते आणि ती कोकणीत, दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. त्यांनी मयंडोळीचा अख्खा घड घेतला. अख्खा. आमच्या घरात पाच माणसं आहेत, त्यातलं एक केळं खात नाही. मुलीने वीस रुपयांची करवंदं घेतली आणि फ्रॉकची वाट लावली. द्रोण संपल्यावर परत गेली आणि त्या आजीला म्हणाली अजून वीस रुपयांची द्या, पैसे नाहीत. आजीने मूठभर दिली आणि मला म्हणाली "भुरग्याक कितें बोवाळ करप" (पोराशी काय वाद घालायचा). सासूबाईंनी सोलं घेतली, अर्धा तास चव बघत. टॅबची आठवण कोणालाच आली नाही हे मी रात्री नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, आठवण फक्त दुपारपर्यंतच नव्हती आली.

डोंगरमाथा, तुमचं गोणपाटाचं अगदी बरोबर निघालं, कडेला बसलेल्या एका बाईकडे फक्त अळू, दोन फणस आणि मिरच्या होत्या. तिच्याकडूनच घेतलं सगळं. मजा आहे की नाही ह्याचं उत्तर मिळालं, दगदगही आहे. सासूबाईंचे गुडघे आज बोलताहेत.

पण घरात आता नवीन भांडण आहे. मानकुराद घेतले आम्ही, आणि सासरे म्हणतात हापूसची सर नाही.

फोंड्याचा_भाचा
अरे देवा.

तिसवाडीकर
आजोबांचा मान राखून विचारतो, त्यांनी किती खाल्ले?

पर्वरीकरीण_नवी
डझनातले सात.

तिसवाडीकर
मग झालं.

सालसेतकरीण
फेब्रुवारीत ह्याच मानकुरादचा डझन हजारांत असतो आणि लोक तरी घेतात. २०२३ मध्ये जीआयही मिळाला. आजोबांना सांगा, मेच्या शेवटी स्वस्त झाल्यावर परत विचार करा म्हणावं.

सुंगटाप्रेमी
आंब्यांच्या नादात मूळ मुद्दा राहिला. नवऱ्याने काय घेतलं?

पर्वरीकरीण_नवी
त्याच्या ऑफिसच्या बॅगेत काहीतरी आहे. बॅग बाल्कनीत ठेवलीय. मी विचारलेलं नाही.

सुंगटाप्रेमी
😂😂 सुकी सुंगटां असणार. त्याला म्हणावं कोरडी भाजून, डोकी-शेपट्या काढून काचेच्या बरणीत. पिशवीत ठेवलीस तर पहिल्या पावसात बुरशी.

कुळागरवाली
आणि सासूबाईंना सांगा सोलं स्टीलच्या डब्यात घालू नका, मिठाने आणि आंबटाने डबा खातो. काचेची नाहीतर चिनी बरणी. गुडघे बरे झाले की गुरुवारी बाणस्तारीला या, म्हापशापेक्षा लहान आहे, चालायला कमी. आणि केळ्यांचा घड एकदम पिकला तर सोलून, उभे काप करून उन्हात वाळवा, पाऊस यायला अजून आठ-दहा दिवस आहेत.